कच्ची वही, पक्की वही

सांगलीत आमच्या वडिलांची हळद-गुळाची आडत होती. दुकानात दोन वह्या असत. एक गादीच्या उजव्या हाताशी पडलेली, स्वस्त कागदाची, शिसपेन्सिलीने लिहायची. दुसरी लाल कापडी बांधणीची, दिवाळीत जिचे विधिपूर्वक पूजन होई ती. दिवसभरात जे घडे ते सारे पहिल्या वहीत उतरे : पोत्यांची वजने, तोंडी ठरलेले भाव, हमाली, तोलाई, कुणी अर्धवट भरलेली रक्कम. संध्याकाळी दिवे लागल्यावर वडील आणि दिवाणजी समोरासमोर बसत, एकेक नोंद वाचून पडताळत, आणि मगच ती शाईने लाल वहीत जाई. ‘कच्ची वही’ हा शब्द आता बाजारात निराळ्या आणि फारशा भूषणावह नसलेल्या अर्थाने रूढ झाला आहे, हे आपल्या व्यापारी घरांतील वाचकांना मी सांगायला नको. मूळचा अर्थ मात्र सरळ होता. चुकायला, खोडायला, पुन्हा लिहायला एक जागा असावी, आणि ती जागा पक्क्या वहीपासून वेगळी असावी.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी या कच्च्या वहीचे स्मरण मला अगदी अनपेक्षित ठिकाणी झाले. ते ठिकाण म्हणजे घरातला एक जुना लॅपटॉप.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका विद्यार्थी वसतिगृहाचे मानद खजिनदारपद माझ्याकडे आले. संस्था लहान, उत्पन्न बेताचे. विद्यार्थ्यांचे शुल्क, काही देणग्या, स्वयंपाकघराचा खर्च, दोन कर्मचाऱ्यांचे वेतन असा सगळा आटोपशीर व्यवहार. हिशेबासाठी मी ‘ग्नूकॅश’ नावाची संगणक-प्रणाली निवडली. ती विनामूल्य आहे एवढेच त्याचे कारण नव्हते. ती द्विनोंदी पद्धतीशी प्रामाणिक आहे. प्रत्येक व्यवहाराच्या नावे आणि जमा बाजू जुळल्याशिवाय ती तो व्यवहार पुरा मानत नाही. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला अशी शिस्त भावते.

ही प्रणाली ‘मुक्त स्रोत’ प्रकारातली आहे. संगणकाची प्रत्येक प्रणाली प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. त्या लिखाणाला स्रोत म्हणतात. पुढे त्याचे यंत्राला कळेल अशा रूपात रूपांतर होते. बहुतेक कंपन्या आपल्याला केवळ ते यंत्ररूप विकतात आणि स्रोत तिजोरीत ठेवतात. ग्नूकॅशची पहिली स्थिर आवृत्ती 1998 साली आली, आणि तिचा स्रोत जगात कोणालाही उघडून वाचता येतो. तिच्या परवान्यानुसार आपण ती वापरू शकतो, तिचा अभ्यास करू शकतो, तिच्यात बदल करू शकतो आणि ती इतरांना देऊही शकतो. अट एकच : बदललेली प्रत दुसऱ्याला दिली तर तिचा स्रोतही त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. जगभरातले लोक आपापल्या फुरसतीत हिच्यात भर घालतात. कोणी दोष दुरुस्त करतो, कोणी माहितीपुस्तिका लिहितो, कोणी आपल्या भाषेत अनुवाद करतो.

वसतिगृहाच्या विश्वस्तांपैकी दोघे वयोवृद्ध. दोघांनाही मराठीतूनच हिशेब वाचायची सवय. प्रणालीचे दर्शन मराठीत करता येते. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर इंग्रजीत नवी वाक्ये येतात आणि त्यांना मराठी प्रतिशब्द कोणीतरी द्यावे लागतात. हे काम आपण का करू नये, असा विचार माझ्या मनात आला. हिशेबाचे शब्द मी आयुष्यभर वापरले होते. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, नावे, जमा हे शब्द आमच्या पिढीबरोबर जाऊ नयेत, अशीही एक सुप्त इच्छा त्यामागे होती.

माझी पुतणी पुण्यात संगणकशास्त्र शिकते. सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी बेत सांगितला. ती म्हणाली, “काका, शब्दच द्यायचे असतील तर ब्राउझर उघडून तिथल्या तिथे भरून पाठवता येतात. त्यासाठी सगळा कारखाना घरात कशाला उभा करायचा?”

“बाळ,” मी म्हणालो, “न वाचलेल्या कागदावर मी कधी सही केली नाही. माझा शब्द पडद्यावर कुठे बसतो, शेजारी काय असते, हे पाहिल्याशिवाय तो पाठवायचा कसा?”

ती हसली. मग म्हणाली, “म्हणजे तुम्हाला लोकल सेटअप करावा लागेल. करा, पण तुमच्या हाताने करा. मी फक्त अडलात तर सांगेन.”

‘लोकल सेटअप’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जगासाठीची प्रणाली जिथे ठेवलेली असते तिथे कोणीही थेट हात घालीत नाही. प्रत्येक जण तिच्या संपूर्ण स्रोताची एक प्रत आपल्या संगणकावर उतरवून घेतो, ती प्रत तिथेच घडवतो, चालवतो, मोडतो, पुन्हा जोडतो. मनासारखे झाले की केवळ बदललेल्या ओळी मूळ कर्त्यांकडे विचारार्थ पाठवतो. घरातल्या या कार्यशाळेत जे बिघडेल ते तिच्याबाहेर जात नाही.

पहिले काम प्रत उतरवण्याचे. त्यासाठी ‘गिट’ नावाचे साधन वापरतात; लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते 2005 साली तयार केले. मी आज्ञा दिली आणि थोड्या वेळात केवळ आजचा स्रोतच नव्हे, तर त्याचा गेल्या अनेक वर्षांचा सारा इतिहासही माझ्या लॅपटॉपवर आला. तो इतिहास चाळताना मला कीर्द वाचल्यासारखे वाटले. प्रत्येक बदलाला तारीख, करणाऱ्याचे नाव आणि खाली तपशील. झालेली चूक खाडाखोड करून लपवायची नाही, तर तिच्याविरुद्ध उलट नोंद करायची, अशीही सोय गिटमध्ये आहे. आम्ही बँकेत हेच करीत असू. शिवाय आपले काम वेगळ्या ‘शाखे’त करायचे आणि नंतर ते मुख्य प्रवाहात मिळवायचे असा रिवाज. शाखा आणि मुख्य कार्यालय यांचा ताळमेळ ज्याने आयुष्यभर घातला त्याला हे निराळे शिकावे लागले नाही.

दुसरे काम मात्र शिकावे लागले, आणि त्यात माझे तीन दिवस गेले. कोणतीही मोठी प्रणाली स्वयंपूर्ण नसते. पडद्यावर खिडक्या काढण्याचे काम ती एका ग्रंथालयाकडून करून घेते, अहवाल दाखवण्याचे दुसऱ्याकडून, बँकेच्या फायली वाचण्याचे तिसऱ्याकडून. संगणकाच्या भाषेत ‘लायब्ररी’ म्हणजे असा तयार कामांचा साठा. तो साठा संगणकावर नसेल तर घडण सुरूच होत नाही. ‘सी-मेक’ नावाचे साधन आधी सर्व सामग्रीची मोजणी करते आणि काही कमी असले की तिथेच थांबते. मी एक वस्तू आणावी, त्याने पुढची मागावी, असे दिवसभर चालले. मी शेजारी वही घेऊन प्रत्येक मागणी आणि तिची पूर्तता लिहून ठेवीत होतो.

त्यातल्या एका अडचणीने मला फार छळले. एक ग्रंथालय संगणकावर असल्याचे मला स्पष्ट दिसत होते, आणि तरीही सी-मेक ते नाही म्हणून अडून बसले होते. रात्री पुतणीला फोन केला. ती म्हणाली, “काका, ते वापरण्यापुरते आहे. घडवण्यासाठी त्याची ‘डेव्ह’ आवृत्ती वेगळी घ्यावी लागते.” तिने समजावल्यावर उलगडा झाला. तयार प्रणाली चालवायला ग्रंथालयाचे यंत्ररूप पुरते. नवी प्रणाली त्याच्याशी जोडायची तर त्या ग्रंथालयात कोणकोणती कामे आहेत आणि ती कशी मागायची याचे वर्णन करणाऱ्या फायलीही लागतात. गोदामात माल आहे, पण मालाची यादी आणि दरपत्रक नाही, अशा स्थितीत दुसरा व्यापारी सौदा कसा करील? नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेली पाकिटे आणल्यावर काम पुढे सरकले.

तिसऱ्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. उबुंटूवर, मूळ स्रोतांचे भांडार यादीत चालू करून ठेवले, तर एखाद्या प्रणालीला घडणीसाठी लागणारी बहुतेक सामग्री ‘बिल्ड-डेप’ या एकाच आज्ञेने एकत्र आणता येते. “हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस?” मी जरा रागानेच विचारले. “मग तुम्हाला काय काय लागते ते कळले नसते,” ती म्हणाली. आमच्या दिवाणजींनी मला महिनाभर नुसती वजने लिहायला बसवले होते ते आठवून मी गप्प राहिलो.

मग प्रत्यक्ष घडण. जुन्या लॅपटॉपवर एकाच वेळी अनेक कामे लावली तर स्मृती अपुरी पडून यंत्र गोठते, हे एकदा अनुभवल्यावर मी तो आकडा दोनावर आणला. पडद्यावर टक्क्यांचे आकडे हळूहळू चढत राहिले. मी जेवून आलो, वर्तमानपत्र वाचले, आणि परत आलो तेव्हा शंभर टक्के झाले होते. या पहिल्या घडणीलाच वेळ लागतो. पुढे एखादी फाईल बदलली तर तेवढ्याच भागाची पुन्हा घडण होते आणि ते थोडक्यात आटोपते.

संगणकावर मराठीची व्यवस्था आधीच करून ठेवली होती. मी स्वतः घडवलेली प्रत सुरू केली. खिडकी उघडली, मराठी अक्षरे दिसली, आणि त्या वयातही मला लहान मुलासारखा आनंद झाला. समोर एक खाते उघडे होते. मी उत्साहाने सरावाची एक नोंद केली : तपशील ‘चाचणी’, रक्कम पाच हजार रुपये. एंटर दाबले. शिल्लक बदलली.

आणि ती शिल्लक मला ओळखीची वाटली.

वसतिगृहाच्या बँक खात्याची शिल्लक मला तोंडपाठ असते. खजिनदाराला ती असावीच लागते. पडद्यावरचा आकडा तिच्यापेक्षा बरोबर पाच हजारांनी कमी होता. मी ज्याला सरावाची वही समजत होतो ती वसतिगृहाची खरी वही होती. कारण पुढे कळले. ग्नूकॅश सुरू होताना शेवटची वापरलेली वही आपण होऊन उघडते, आणि एकाच संगणकावर एकाच वापरकर्त्याच्या नावाने दोन प्रती असल्या तर ती आठवण दोघींची सामाईक असते. नित्याची तयार प्रत आणि मी घडवलेली नवी प्रत एकाच लॅपटॉपवर होत्या. कार्यशाळा वेगळी बांधली, पण तिचे दार तिजोरीच्या खोलीतच उघडत होते.

माझे हात गार पडले. वही अजून जतन केलेली नव्हती. मी प्रत बंद केली, ‘बदल जतन करायचे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले, नित्याची प्रत उघडून शिल्लक तपासली. ती जशीच्या तशी होती. कोणाचे काही बिघडले नव्हते. तरीही त्या रात्री मला झोप आली नाही. कारण पाच हजारांची ती चाचणीची नोंद मी आयुष्यात पहिल्यांदा केलेली नव्हती.

बँकांच्या यांत्रिकीकरणाबद्दल रंगराजन समितीचा अहवाल 1984 साली आला. त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या शाखेतही खतावणीच्या नोंदी घेणारे यंत्र आले. आम्ही चार तरुण अधिकारी त्यासाठी निवडले गेलो. प्रशिक्षण झाले होते, पण हात बसला नव्हता, आणि सरावासाठी वेगळी वही निदान आमच्या शाखेत तरी नव्हती. एका दुपारी नावे नोंद कशी उमटते हे पाहावे म्हणून मी एका चालू खात्यात पाच हजार रुपये नावे टाकले. लगेच उलट नोंद करून ती रद्द करायची, असा बेत होता. तेवढ्यात व्यवस्थापकांनी हाक मारली, तिकडे दुसरेच काम निघाले, आणि ती नोंद तशीच राहिली.

ते खाते गुळाच्या एका लहान व्यापाऱ्याचे होते. दोन दिवसांनी त्यांनी परगावच्या पेढीला दिलेला धनादेश आमच्याकडे वटणावळीला आला. खात्यात पुरेशी रक्कम नाही या शेऱ्यासह तो परत गेला. त्या काळात धनादेश परत जाणे म्हणजे काय, हे व्यापारी घरात वाढलेल्या कोणालाही विचारावे. चूक उघडकीस आल्यावर बँकेने रक्कम पूर्ववत केली, त्या पेढीला दिलगिरीचे पत्र धाडले, मला समज दिली. कागदोपत्री सर्व निस्तरले. परंतु त्या पेढीने पुढे कित्येक महिने त्या गृहस्थांना उधारीवर माल दिला नाही. बाजारात कुजबुज झाली ती वेगळीच. मी त्यांची क्षमा मागायला त्यांच्या दुकानी गेलो. त्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला, आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, वहीतली चूक तुम्ही दुरुस्त केलीत. बाजारातली कोण करणार?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. पण त्या रात्री पहिल्यांदाच मी त्या प्रसंगाकडे थोडा वेगळ्या दृष्टीने पाहिले. इतकी वर्षे मी माझ्या निष्काळजीपणालाच बोल लावीत आलो होतो, आणि तो होताच. परंतु मी उद्या कितीही सावध झालो तरी शिकणाऱ्याच्या हातून चूक होणारच. मी शिकत होतो आणि माझ्यासमोर फक्त पक्की वही होती, हा त्या प्रसंगातला दुसरा दोष. वडिलांच्या गादीवर दिवाणजींनी मला पहिल्या दिवशी लाल वही दिली असती काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपवर एक स्वतंत्र वापरकर्ता तयार केला. त्याचे नाव ठेवले ‘कच्ची वही’. घडलेली प्रत फक्त त्या नावानेच चालवायची. वसतिगृहाची फाईल त्या वापरकर्त्याला दिसतच नाही. सरावासाठी मी एक काल्पनिक वही बनवली : काल्पनिक विद्यार्थी, काल्पनिक देणगीदार, काल्पनिक किराणा. खऱ्या वहीची नुसती नक्कल घेण्याचा मोहही टाळला, कारण एखादा दोष दाखवण्यासाठी ती फाईल कोणाला पाठवावी लागली तर देणगीदारांची नावे आणि रकमा परक्या हाती जातील. हे करायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.

या कच्च्या वहीने आठवड्याभरातच आपले मोल दाखवले. ग्नूकॅशमध्ये खात्याच्या प्रकारानुसार रकान्यांची नावे बदलतात. बँक खात्यात डावीकडे ‘डिपॉझिट’ आणि उजवीकडे ‘विथड्रॉवल’ दिसते. रोख खात्यात ‘रिसीव्ह’ आणि ‘स्पेंड’. हिशेबशास्त्र न शिकलेल्या माणसाला नावे-जमा कळत नाही म्हणून केलेली ही सोय. डावी बाजू नेहमी नावेची, उजवी जमेची. या यादीत ‘चार्ज’ असा एक शब्द होता. अनुवादाच्या फाईलीत इंग्रजी शब्द वर आणि त्याखाली आपला प्रतिशब्द, एवढेच असते. मी क्षणाचाही विचार न करता ‘शुल्क’ असे लिहिले. कोणत्याही शब्दकोशाने मला पाठिंबा दिला असता.

नंतर चाचण्या चालवल्या. प्रणालीच्या कर्त्यांनी स्रोताबरोबरच अनेक स्वयंचलित चाचण्या लिहून ठेवलेल्या असतात. बेरजा बरोबर येतात का, फाईल वाचून पुन्हा लिहिली तर तीच राहते का, अशी तपासणी त्या करतात. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या. माझी तेरीज जुळली होती.

मग मी काल्पनिक वसतिगृहाचे ‘विद्यार्थी शुल्क’ हे उत्पन्न खाते उघडले, आणि थबकलो. डावीकडच्या, म्हणजे नावेच्या, रकान्यावर मोठ्या अक्षरांत माझा शब्द झळकत होता : ‘शुल्क’. उद्या माझ्या जागी येणारा नवा खजिनदार विद्यार्थ्याचे शुल्क घेऊन इथे आला, तर तो रक्कम कोणत्या रकान्यात लिहील? साहजिकच ‘शुल्क’ लिहिलेल्या रकान्यात. आणि तो रकाना उत्पन्न कमी करणारा. नोंदीच्या दोन्ही बाजू जुळतील, प्रणाली काही तक्रार करणार नाही, तेरीज जुळेल, आणि संस्थेचे उत्पन्न उलटे दिसेल.

अधिक शोधल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. हाच ‘चार्ज’ शब्द क्रेडिट कार्डाच्या खात्यात उजवीकडे, म्हणजे जमेच्या बाजूला येतो. तिथे त्याचा अर्थ कार्डावर केलेला खर्च. इंग्रजीला दोन्हीकडे एकच शब्द चालून जातो. अनुवादासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘गेटटेक्स्ट’ या साधनात मात्र एकसारखे इंग्रजी शब्द, संदर्भ वेगळा नोंदवलेला नसेल तर, एकाच नोंदीत येतात. त्यांना मराठी शब्दही एकच देता येतो. एका खात्यात ‘वजा’ हवे, दुसऱ्यात ‘खर्च’ हवे, आणि जागा एकाच शब्दाची. मी ‘आकारणी’ घालून पाहिले. शुल्काच्या खात्यात तोही फसवाच. दोन दिवस विचार करून मी तो शब्द सोडून दिला.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बिनचूक असे नव्हे, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. चुकीच्या खात्यात पण योग्य बाजूला केलेली नोंद, तत्त्वाची चूक, एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका, यांतली एकही तेरीज पकडत नाही. संगणकाच्या चाचण्यांचेही तसेच. शब्दाचा अर्थ त्यांना तपासता येत नाही. तो तपासायला त्या धंद्यातला माणूस त्या पडद्यासमोर बसावा लागतो, आणि त्याला बसायला सुरक्षित जागा असावी लागते. पुतणीने सुचवलेल्या मार्गाने मी ब्राउझरमध्ये शब्द भरून पाठवला असता, तर ‘शुल्क’ आज मराठी वाचणाऱ्या कोणाकोणाच्या पडद्यावर गेला असता.

तो प्रसंग मी तिला सांगितला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका, आम्हाला कॉलेजात शिकवतात की लोकल सेटअप ही सोय आहे. तुम्ही सांगता तसे कोणी सांगितले नव्हते.”

पुढे मी माझे काम एका वेगळ्या शाखेत नीट मांडले. बदललेल्या ओळींची यादी गिट दाखवते : जुनी ओळ वजा चिन्हाने, नवी अधिक चिन्हाने. सही करण्यापूर्वी व्हाउचर तपासावे तशी मी ती ओळीने वाचली. पडद्यावर जागच्या जागी पाहून मला पटलेले सतरा प्रतिशब्द तेवढे ठेवले, बाकीचे मागे घेतले. ‘चार्ज’बद्दल एक स्वतंत्र टिपण लिहिले की मराठीत या दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द लागतात, त्यांना वेगळा संदर्भ देता आला तर बरे होईल. मग ते सारे विचारार्थ पाठवून दिले. ते स्वीकारायचे की नाही हा सांभाळणाऱ्यांचा अधिकार आहे, आणि तो असावाच. वडिलांनी तपासल्याशिवाय दिवाणजींचीही नोंद लाल वहीत जात नसे. वसतिगृहाच्या वहीत मी तूर्त रकान्यांची औपचारिक नावे दाखवण्याचा पर्याय चालू केला आहे. तिथे सर्वत्र सरळ नावे आणि जमा दिसते. वृद्ध विश्वस्तांना तेच अधिक आवडले.

या उद्योगातून मला पैसा मिळाला नाही. एक समाधान मात्र मिळाले. रिकाम्या वेळी मी आता स्रोत वाचतो. सगळा कळतो असे नाही. पण एके ठिकाणी पाहिले की रकमा दशांश अपूर्णांकाच्या अंदाजी रूपात न ठेवता अंश आणि छेद असे दोन पूर्णांक करून ठेवल्या आहेत, म्हणजे पैशाचाही फरक पडू नये. दूरच्या देशात बसलेल्या, कधी न भेटलेल्या कोणीतरी पैशापैशाची ही काळजी घेतली आहे हे वाचून, दिवसअखेर एका पैशाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसणारे आमचे जुने हेडकॅशियर आठवले.

आपल्या अनेक घरांत जुने लॅपटॉप पडून आहेत, आणि हिशेबात मुरलेली, निवृत्त झालेली माणसेही आहेत. संगणक शिकणारी मुले तर घरोघरी आहेत. या तिघांची गाठ घालून द्यावी असे मला वाटते. मुलांना यंत्राचे ज्ञान आहे; नावे कुठली आणि जमा कुठली, आणि ती उलटली तर कोणाचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. सुरुवात करणाऱ्याला माझे सांगणे एवढेच की प्रणाली उतरवण्याच्याही आधी तिच्यासाठी वेगळा वापरकर्ता आणि काल्पनिक वही तयार करावी. घरात किंवा दुकानात एखादा नवा मुलगा कामाला लागला, तर त्यालाही पहिले काही दिवस अशीच एक वही द्यावी.

त्या गूळ-व्यापाऱ्यांचे पुष्कळ वर्षांपूर्वी निधन झाले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना देऊ शकलो नाही. आता रोज संध्याकाळी लॅपटॉप उघडताना दोन नावे समोर येतात, आणि बोट ठेवण्यापूर्वी मी क्षणभर थांबून पाहतो की आपण कोणत्या वहीत शिरतो आहोत. दिवाळीत आमच्याकडे लाल वहीचे पूजन होई. कच्च्या वहीला कधी कुंकू लागले नाही. वर्ष संपले की ती रद्दीत जाई. या दिवाळीला पूजेच्या पाटावर तो जुना लॅपटॉपही ठेवायचे मी ठरवले आहे.